कॅमेऱ्याची मृगया

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर खेड-शिवापूर मागें पडलें आहे आणि नसरापूरचा फांटा अद्यापि यावयाचा आहे, अशा मधल्या टापूंत वरवे बुद्रुक हें आमचें गांव वसलें आहे. मोटारींतून जाणाऱ्यास तें दिसतें न दिसतें तोंच मागें पडतें. शिवगंगेच्या खोऱ्यांतील भाताचीं खाचरें, त्यांच्या वरच्या अंगास खडकाळ माळ, आणि पश्चिमेकडे एकामागून एक उभ्या ठाकलेल्या डोंगरांच्या रांगा, एवढेंच येथील वैभव. शाळेच्या चाकरींतून निवृत्त झाल्यावर मी येथें येऊन राहिलों. माझ्या धाकट्या बंधूंच्या नातवास छायाचित्रणाचा छंद जडला, आणि त्याच्या संगतीनें गेल्या कांहीं वर्षांत जीं रानें व अभयारण्यें माझ्या पाहण्यांत आलीं, त्यांचा वृत्तान्त येथें देण्याचें योजिलें आहे.

या छंदाचें घरांत प्रथम स्वागत झालें नाहीं. कॅमेरा आणि त्याचें लांब पल्ल्याचें भिंग यांस जी रक्कम पडली, तींत घरांतील एका मुलीच्या वर्षभराच्या शिक्षणाचा खर्च भागला असता, असें सूनबाईंनीं स्पष्ट बोलून दाखविलें; आणि तें खोटें नव्हतें. अखेर असें ठरलें कीं, वर्षांतून दूरचा प्रवास एकच करावा, वडीलधारें कोणी तरी बरोबर असावें, आणि धाकट्या बहिणीसहि कॅमेरा हाताळावयास मिळावा. वडीलधाऱ्याची जागा अर्थात् माझ्याकडे आली.

छायाचित्रकाराचें काम पारध्याच्या कामासारखेंच असतें, हें मला पहिल्याच दिवशीं कळून आलें. वाऱ्याची दिशा पाहावी, पाणवठे हेरावे, पायांचा आवाज होऊं देऊं नये, झुडपाआड तासन् तास दबा धरून बसावें, आणि ऐन क्षणीं बोट दाबावें. इंग्रजींत तर बंदूक झाडण्यास आणि छायाचित्र घेण्यास क्रियापदहि एकच वापरतात. शाकुंतलाचा पहिला अंक ज्यांनीं वाचला असेल त्यांना दुष्यन्ताच्या रथापुढें धांवणारा तो हरिण आठवेल. तो वळून वळून मागें पाहतो, धापेनें उघड्या पडलेल्या त्याच्या तोंडांतून अर्धवट चावलेले दर्भ वाटेवर सांडत जातात. बाण सुटण्याच्या बेतांत असतांना तपस्वी हात वर करून सांगतो कीं, हा आश्रमाचा मृग आहे. आणि राजा बाण उतरवितो. कालिदासाची दृष्टि कॅमेऱ्याची होती असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु त्या अंकाचें मर्म राजानें बाण उतरविला यांत आहे. कॅमेरा हातीं घेणाऱ्यास हें मर्म कितपत कळलें आहे, याची परीक्षा प्रत्येक रानांत होते.

आमची पहिली फेरी सुप्याची. कापूरहोळ, सासवड, जेजुरी व मोरगांव असा मार्ग धरला. मोरगांवच्या मयूरेश्वराचें नांव मिरविणारें हें अभयारण्य १९९७ सालीं स्थापन झालें. त्याचा विस्तार अवघा ५.१४ चौरस किलोमीटर आहे. घनदाट झाडीची अपेक्षा धरून येणाऱ्याची येथें निराशा होते. गवताळ माळ, मधून मधून बोरी-बाभळी, आणि त्यांत चरणारे चिंकारा, एवढाच येथील देखावा. पायीं चालणारा मनुष्य दिसला कीं चिंकारा दूरवरूनच पसार होतो. मोटार मात्र स्थिर उभी राहिली, आंतील माणसें गप्प बसलीं, तर तो थोड्या वेळानें निश्चिंत होऊन चरूं लागतो. सूर्योदयानंतरच्या पहिल्या एक-दोन घटकांत उजेड तिरपा येतो, त्यामुळें केंसांचा पोत आणि शिंगांचीं वलयें उठून दिसतात. दहा वाजल्यानंतर तापल्या जमिनीवरची हवा थरथरूं लागते आणि भिंगांतून प्राण्याची आकृति पाण्यांतील प्रतिबिंबासारखी हलते. तेव्हां कॅमेरा पिशवींत ठेवावा आणि शिदोरी सोडावी, हें उत्तम.

पुढें कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीस जाऊन काळवीट पाहिले. १९८० सालीं काळविटांसाठीं राखलेलें हें क्षेत्र २.१७ चौरस किलोमीटरचें, म्हणजे सुप्याहूनहि लहान आहे. काळवीट म्हणजेच आपल्या ग्रंथांतील कृष्णसार. जेथें कृष्णसार स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य, असें मनुस्मृतींत म्हटलें आहे. ज्या प्राण्याच्या वावरावरून भूमीची योग्यता ठरवावयाची, त्यास आपण कोसभर लांबरुंद जागाहि धड ठेविली नाहीं, हा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

प्राण्यांच्या चित्रांहून निसर्गदृश्यांचें काम सोपें, असा माझा समज होता. तो वेल्ह्याच्या वाटेवर फिटला. राजगड व तोरणा हे दोन्ही किल्ले या बाजूनें सुरेख दिसतात. तोरण्याची उंची सुमारें १,४०० मीटर आहे. भर दुपारीं घेतलेल्या चित्रांत हा प्रचंड डोंगर कागद कातरून चिकटविल्यासारखा सपाट येतो. सकाळीं अथवा तिसऱ्या प्रहरानंतर उन्हें कलतीं झालीं म्हणजे घळींत सांवली भरते, कडे पुढें येतात, माच्या वेगळ्या होतात आणि डोंगरास अंग येतें. भाद्रपदांत पावसाची सर येऊन गेल्यावर हवा इतकी स्वच्छ होते कीं, राजगडाच्या सुवेळा माचीचें नेढें शोधावयास दुर्बिणीची गरज भासूं नये. चित्रांत कोठें तरी एखादें झोंपडें, बैलजोडी किंवा डोईवर भारा घेतलेली बाई असावी, म्हणजे उंचीचें मान कळतें, ही युक्ति मुलांना मीं सांगितली नव्हती. ती त्यांनीं आपण होऊन शोधून काढली.

भीमाशंकरचें रान याहून अगदीं वेगळें. १९८५ सालीं स्थापन झालेल्या १३०.७८ चौरस किलोमीटरांच्या या अभयारण्यांत महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू राहतो. तांबूस पाठीची, झुबकेदार शेपटीची ही मोठी खार उंच शेंड्यांवरून झेपा टाकीत जाते. दाट झाडींत उजेड थोडा आणि प्राणी चपळ. म्हणून शंभर चित्रांतून एखादेंच साधतें. एका शेकरूचीं घरटीं अनेक असतात. त्यांतील कोणत्या घरट्यांत सध्यां तिचा निवास आहे हें ताडण्यास दोन दिवस बसून राहावें लागलें, आणि त्या दोन दिवसांत मुलांना जेवढा धीर शिकावयास मिळाला तेवढा माझ्या वर्गांत एका वर्षांतहि मिळाला नसता.

महाराष्ट्रांत राष्ट्रीय उद्यानें सहा आहेत: ताडोबा, नवेगांव, पेंच, गुगामल, बोरिवलीचें संजय गांधी उद्यान आणि चांदोली. त्यांपैकीं ताडोबा सर्वांत जुनें, १९५५ चें. तेथें जाण्याचा योग आला तेव्हां वाघ पाहावयास मिळाला. परंतु त्याहून अधिक मोटारी पाहावयास मिळाल्या. वाघ दिसल्याची वर्दी पसरतांच चारी दिशांनीं गाड्या धांवतात, आणि जो तो आपल्या वाटाड्यास आणखी पुढें घेण्यास सांगतो. ही हांव कोणत्या थरास जाते याचें उदाहरण उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यांत सर्वांनीं पाहिलें. ३१ डिसेंबर २०२४ रोजीं तेथें एका वाघिणीची व तिच्या पांच बछड्यांची वाट पर्यटकांच्या गाड्यांनीं दोहों बाजूंनीं अडविली. त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याची आपण होऊन दखल घेतली. १९०६ सालीं अमेरिकेंतील जॉर्ज शायरस यांचीं रात्रीच्या वेळीं घेतलेलीं वन्य प्राण्यांचीं चित्रें प्रसिद्ध झालीं. पुढें चँपियन नांवाच्या वनाधिकाऱ्यानें हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत वाघाच्या वाटेवर तार ताणून, वाघानें आपल्याच पायानें आपलें चित्र काढावें अशी योजना केली. त्याचा ग्रंथ १९२७ सालीं निघाला. त्या काळीं साधनें अवजड होतीं, पण वाघाची वाट मोकळी होती. आज साधनें हलकीं झालीं आणि वाट अडली.

परंतु दूरच्या रानांतील गर्दीस नांवें ठेवणें सोपें असतें. प्रसंग आपल्या माळावर आला म्हणजे खरी गोष्ट कळते. गतवर्षीं चैत्रांत वरव्याच्या वरच्या माळावर टिटवीचें घरटें आढळलें. घरटें म्हणजे काय, तर जमिनींतील एक उथळ खळगा आणि त्यांत खड्यांच्याच रंगाचीं चार अंडीं. नातीनें तें चाळीस पावलांवरून टिपलें आणि आम्ही परतलों. दोन दिवसांनीं बाहेरगांवचे कांहीं हौशी लोक तेथें आले. चित्रांत आड येतें म्हणून त्यांनीं भोंवतालचें गवत उपटलें आणि भर दुपारीं तासभर घरट्यापाशीं ठाण मांडलें. टिटवीची जोडी डोक्यावर आक्रोश करीत घिरट्या घालीत होती. उन्हाळ्यांत हे पक्षी पोटाचीं पिसें पाण्यांत भिजवून येतात आणि अंडीं गार राखतात. त्या तासांत तें घडणें शक्य नव्हतें. पुढें ती जोडी कांहीं दिवस अंड्यांवर बसली, मग बसेनाशी झाली. पिलें निघालीं नाहींत.

पंचतंत्रांतील टिट्टिभाचीं अंडीं समुद्रानें नेलीं, तेव्हां गरुडानें विष्णूकडे गाऱ्हाणें नेलें आणि समुद्रास तीं परत द्यावीं लागलीं. आमच्या माळावरील टिटवीचें गाऱ्हाणें कोण नेणार? पुष्कळांस ठाऊक नसेल, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीची जी व्याख्या केली आहे, तींत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस अथवा घरट्यास उपद्रव देणें याचाहि समावेश आहे. म्हणजे हातांत बंदूक नसून कॅमेरा आहे, एवढ्यानें मनुष्य शिकाऱ्यांच्या पंक्तींतून उठत नाहीं. दुष्यन्तास थांबविण्यास तपस्वी आला. माळावर मात्र आपला तपस्वी आपणच व्हावें लागतें.

मग हा छंद सोडून द्यावा काय? सूनबाईंनीं तसें विचारलेंहि. माझें उत्तर असें कीं, नीट घेतलेल्या चित्राचें मोल पैशांत करतां येत नाहीं, कारण तें साक्षीस उभें राहतें. सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प २०१० सालीं जाहीर झाला. तेथें वाघ आहे कीं नाहीं यावर बराच काळ वाद चालत. २०१८ च्या मे महिन्यांत रानांत बसविलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांत वाघाचें चित्र उमटलें आणि वाद मिटला. अकोले तालुक्यांत जेथें राखीव रान नाहीं, ऊंस आणि वस्ती आहे, तेथें अशाच कॅमेऱ्यांच्या आधारें डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दर शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच प्रौढ बिबटे आणि तितकींच तरसें असल्याचें २०१३ सालीं दाखवून दिलें. नयन खानोलकर यांनीं मुंबईच्या उपनगरांतील वारली पाड्याच्या बोळांतून रात्रीं जाणाऱ्या बिबट्याचें चित्र घेतलें. त्यास लंडनच्या स्पर्धेंत २०१६ सालीं नागर विभागाचा मान मिळाला. या तिन्ही ठिकाणीं प्राण्याचा पाठलाग कोणी केला नाहीं. कॅमेरा वाटेवर ठेविला आणि माणूस दूर झाला.

म्हणून आमच्या घरीं कांहीं नियम ठरले आहेत. घरट्यापासून दूर राहावें. पक्षी ओरडूं लागला कीं तत्काळ मागें फिरावें, मग चित्र मिळो वा न मिळो. गवताची काडीहि हलवूं नये, आमिष टाकूं नये. घरट्याची जागा परक्यास सांगूं नये. आणि प्रत्येक चित्रामागें तिथि, वेळ व ठिकाण लिहून ठेवावें. दूरच्या प्रवासाचा खर्च आतां एक वर्षाआड करावयाचा, आणि उरल्या दिवसांत आपलाच माळ पाहावयाचा, असें मुलांनींच सुचविलें. चंडोल, खाटीक, वेडा राघू, नीलकंठ, कापशी घार, हिंवाळ्यांत येणारे धोबी, पहांटे ओढ्यापाशीं उमटलेलीं मुंगसाचीं पावलें, हें सर्व त्यांच्या वहींत दिनांकवार येऊं लागलें आहे. या माळास अभयारण्याची पाटी नाहीं, आणि ती कधीं लागेल असेंहि वाटत नाहीं. हमरस्त्यालगतच्या जमिनी झपाट्यानें विकल्या जात आहेत. ज्या तुकड्यावर टिटवीनें अंडीं घातलीं होतीं त्याच्या कडेस या वर्षीं मोजणीचे दगड आले. तेथें उद्यां काय उभें राहील तें आमच्या हातीं नाहीं. परंतु तेथें काय होतें, हें कोणी विचारलें तर उत्तर देतां यावें, एवढी तजवीज त्या वहीनें झाली आहे. हल्लीं ती वही सूनबाई स्वतः देवघराशेजारच्या फडताळांत जपून ठेवितात, आणि पावसाळ्यापूर्वीं कॅमेऱ्याच्या पिशवींत बुरशी लागूं नये म्हणून ओल शोषणाऱ्या पुड्या घालण्याची आठवणहि त्याच करून देतात.