तुसाची झिलई

जपानी कुंभारकामाकडे मी ओढले गेले ते नूका या झिलईमुळे. दुधाळ पांढरी, जाड बसली तिथे निळसर झाक, आणि काठावर पातळ होऊन खालची तपकिरी माती दाखवणारी. तिच्यात घालायचं काय, तर फेल्डस्पार, लाकडाची राख आणि भाताच्या तुसाची राख. आमच्या पालघर जिल्ह्यात तूस भातगिरणीबाहेर ढिगानं पडलेलं असतं!

वसईतली शेतं इमारतींखाली चालली आहेत, म्हणून तूस मी वाड्याहून आणते. वाडा कोलम तांदळाचा तो मुलूख, तिथे गिरण्या अजून आहेत. लाकडाची राख मात्र इथल्याच पावाच्या भट्टीतली. तुसाच्या ढिगाला आच दिली की ज्वाळा फारशी उठत नाही, तो आतल्या आत धुमसत राहतो. राख काळी निघाली तरी चालते. तिच्यातला कोळसा पुढे भांड्यांच्या भट्टीत जळून जातो आणि उरते ती बहुतेक सगळी सिलिका. ती एकटी वितळायची नाही. लाकडाच्या राखेतला चुना आणि फेल्डस्पारमधले क्षार तिला वितळवतात, पण 1280 अंश सेल्सिअसच्या आसपासही पुरतं नाही. जे विरघळायचं राहतं, त्यातूनही तो दुधाळपणा येतो. खलात कितीही घोटली तरी तुसाची राख बोटांना कचकचते. लाकडाची राख धुताना हात जपावे लागतात. ते बुळबुळीत पाणी कातडी खातं.

जवळचंच साहित्य वापरायचं हे मी जपानी कुंभार शोजी हमादा यांच्याकडून घेतलं. ते 1924मध्ये इंग्लंडहून परतले आणि मशिकोत काम करू लागले. मशिको म्हणजे रांजण, बरण्या, किटल्या घडवणारं गाव, माती जाडीभरडी. त्यांनी तीच माती आणि तिथल्याच झिलया वापरल्या, नूकासुद्धा. 1955मध्ये जपान सरकारनं त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवलं. जपानकडून घ्यायचं ते हे, जवळची माती आणि जवळची झिलई, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ‘जपानी’ म्हणून विकला जाणारा वाकडा कप पाहिला की वाईट वाटतं. माती पाकिटातली, झिलई पाकिटातली, आणि वाकडेपणा मुद्दाम आणलेला.

पाववाल्यानं लाकूड बदललं की माझ्या झिलईचा रंग बदलतो. म्हणून प्रत्येक नवी राख आधी तुकड्यांवर भाजून पाहायची, मगच भांड्यांना लावायची. हे काम मला मनापासून आवडतं.

वाडगा दिवाणखान्यात कुठे मांडू, असं गिऱ्हाईक विचारतं. मी सांगते, यात पेज घ्या, माशाचं कालवण घ्या, आणि रोज घासा.