तेरातली एक

आमच्या गावात कोंबडी आजारी पडत नाही. म्हणजे पडते, पण त्या अवस्थेत फार वेळ राहत नाही. सकाळी पंख पाडून बसलेली दिसली की दुपारपर्यंत घरातलं कुणीतरी निर्णय घेतं आणि संध्याकाळी खोबरं भाजल्याचा वास येतो. गाईला डॉक्टर येतात, आता शेळीलाही येतात. कोंबडीला सुरीच. याला निर्दयपणा म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब करून बघावा. डॉक्टरांना तालुक्यावरून बोलवायचं तर पेट्रोलमध्येच अर्धी कोंबडी जाते.

त्यामुळे मी जेव्हा म्हणाले, की या तलंगेला आपण दवाखान्यात नेऊ, तेव्हा आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती भाकरी थापत होती.

तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. ही साडेचार महिन्यांची होती, महिनाभरात अंड्यावर आली असती. आदल्या दिवशी थोडी लंगडत होती, सकाळी डालगं उचललं तर बाकीच्या बाहेर पळाल्या आणि ही तिथंच. एक पाय पुढं ताणलेला, दुसरा मागं. कसरतपटू जमिनीवर पाय फाकून बसतात ना, तसं. डोळे मात्र लख्ख, तोंडासमोर कण्या टाकल्या की टपाटप टिपत होती. मला त्या डोळ्यांमुळेच प्रश्न पडला. मरायला टेकलेलं जनावर असं खात नाही.

कंपनीनं महिन्यातले दोन आठवडे घरून काम करायची मुभा दिल्यापासून मी ते पाटण तालुक्यातल्या आमच्या घरी काढते. माडीवर टेबल, खाली परड्यात आईच्या कोंबड्या. माझ्या टीमला आमचा कोंबडा आवाजावरून ओळखता येतो. पण कोंबड्या आईच्या आहेत हे इथं नीट सांगायला हवं. ऊस, सोयाबीन, दुधाचं बिल, सगळं पप्पांच्या खात्यावर. अंड्याचे पैसे फक्त आईचे. बारा रुपयाला एक अंडं, ओट्यावरच्या हळदीच्या डब्यामागं एक चहाचा डबा आहे, त्यात ते जातात. माझ्या सीईटीच्या फॉर्मचे पैसे त्या डब्यातले होते. बारावीनंतरच्या त्या दिवसांत घरात दुसरीकडं कुठंच रोकड नव्हती.

शेवटी डॉक्टर आले, पण शेजारच्या गाईला भरवायला. मी तलंग काखेत घेऊन कुंपणापाशी गेले. त्यांचा पहिला प्रश्न, "किती पक्षी आहेत?"

"तेरा."

"आणि आजारी?"

"ही एक."

पोल्ट्रीच्या धंद्यात कोंबडीला पक्षी म्हणतात आणि पक्षी कधी एकवचनात नसतो. पाच हजार पक्ष्यांची बॅच, दोन टक्के मर. एका पक्ष्यावर इलाज ही कल्पनाच त्या भाषेत बसत नाही. तरी त्यांनी हातमोजे घालून नीट तपासलं. मांडी चाचपली, हाड शाबूत. पायाच्या बोटांची टोकं चिमटली. मान वाकडी नाही, हिरवी हगवण नाही, धाप नाही, आणि एकटीच आजारी आहे, म्हणजे मानमोडी नसावी. मानमोडी आली तर खुराडं दोन दिवसांत रिकामं होतं. बी-टू व्हिटॅमिन कमी पडलं तरी पाय जातात, पण त्यात बोटं आत मुडपतात आणि ते बहुतेक लहान पिल्लांत दिसतं. हिची बोटं मुडपलेली नव्हती. "मॅरेक्स वाटतोय," ते म्हणाले. "औषध नाही त्याला. आठवडाभर व्हिटॅमिन देऊन बघा, दुसरं काही असलं तर फरक पडेल. पण हिला बाकीच्यांपासून लांब ठेवा."

आईनं एकच विचारलं, "खाल्ली तर चालंल का?"

डॉक्टर म्हणाले, माणसाला हा रोग होत नाही, पण आजारी पक्षी खाऊ नये. त्या एका वाक्यानं तलंगेची सुटका झाली. रस्सा होणार नव्हता, आणि मी माडीवर नेते म्हणाले तर कुणाचं काही जाणार नव्हतं.

मॅरेक्स म्हणजे योझेफ मारेक या हंगेरीतल्या पशुवैद्याच्या नावावरून. 1907 साली त्यानं पाय आणि पंख लुळे पडलेल्या चार कोंबड्यांचं वर्णन लिहिलं. चारच. हा विषाणू हर्पिसच्या कुळातला आहे हे कळायला त्यानंतर साठ वर्षं गेली. तो नसांमध्ये सूज आणतो, पोटात गाठी करतो, आणि पिसांच्या मुळांतून कोंड्यासारख्या धुळीवाटे बाहेर पडतो. ती धूळ खुराड्यात महिनोन्महिने रोग धरून राहते. लस आहे, आणि ती कॅन्सरविरुद्ध यशस्वी ठरलेली पहिली लस मानली जाते. हॅचरीत पिल्लू पहिल्याच दिवसाचं असताना मानेच्या कातडीखाली टोचतात. लागण थांबत नाही, पण रोग होत नाही. मात्र आईची पिल्लं हॅचरीतून येत नाहीत, खुडूक कोंबडीच्या पोटाखालून येतात. आणि लसीची बाटली हजार डोसांची. एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवायची. हिच्या काही प्रकारांना तर द्रवरूप नायट्रोजन लागतो, उणे 196 अंश. आमच्याकडं पावसाळ्यात फ्रीजला लाइट मिळत नाही. तेरा कोंबड्यांच्या घरासाठी हे कुणी बनवलेलंच नाही.

तर माझ्या टेबलाखाली टोमॅटोचं एक कॅरेट, त्यात गोणपाट, त्यावर ही.

लुळ्या कोंबडीचं काम कसं असतं ते सांगते, कारण मला ते कुठं धड वाचायला मिळालं नाही. ती स्वतः हलत नाही, म्हणून छातीच्या हाडावर जखम होते. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी लागते. शेण मागं चिकटून राहतं, ते कोमट पाण्यानं धुऊन कोरडं करायचं, नाहीतर माश्या बसतात आणि अळ्या पडतात. पाणी उथळ वाटीत आणि चोचीजवळ, खोल भांड्यात डोकं पडलं तर ती वर काढू शकत नाही. दिवसातून तीनदा वीस मिनिटं मी तिला झोळीत टांगायचे. किराणा आणायच्या जुन्या कापडी पिशवीला पायांसाठी दोन भोकं, मागं एक, आणि बंद कॅरेटवर आडव्या ठेवलेल्या काठीला. पाय जमिनीला जेमतेम टेकतील इतकी उंची. पहिल्या दिवशी उजव्या पायानं तिनं गोणपाट ओरबाडला, उकरल्यासारखा. डावा लोंबत राहिला.

खायला ज्वारीचं पीठ आणि उकडलेलं अंडं कुस्करून. हे आईनं बघितलं.

"कोंबडीला अंडं?"

"प्रोटीन लागतं तिला."

"बारा रुपयाचं प्रोटीन," आई म्हणाली आणि खाली गेली. मी दर अंड्याला बारा रुपये चहाच्या डब्यात टाकत होते. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

वजन मी बॅग मोजायच्या हुकाच्या काट्यावर करायचे, झोळीसकट. पहिल्या दिवशी 1150 ग्रॅम. पाचव्या दिवशी 1160, आणि मी ते दहा ग्रॅम स्टँडअप कॉलमध्ये सांगितले. नवव्या दिवशी 1070.

आईचं म्हणणं वेगळं होतं आणि ते साधं होतं. खाली बारा आहेत. या एकीच्या पायी त्यांतली एक जरी गेली तर? मी सांगायचे, एकाच खुराड्यात वाढल्यात, त्यांना लागण आधीच झाली असणार, काही आजारी पडतील, काही नाही. "असणार," आई म्हणायची. तिचं बरोबर होतं. हिला ठेवणं म्हणजे घरात रोज थोडी धूळ तयार करणं होतं, आणि ती धूळ माझ्या पगाराची नाही, तिच्या डब्याची होती. म्हणून नियम ठरले. माडीच्या चपला वेगळ्या. वरून आलं की हातपाय धुऊन, कपडे बदलून मगच परड्यात. आधी खालच्यांचं दाणापाणी, मग वरचीचं, उलटं कधीच नाही. नियम मी सांगितले, पाळले जास्त काटेकोर आईनं.

एका रात्री रिलीज लांबली. हेडफोन काढले तेव्हा एक वाजून गेला होता, आणि कॅरेटपाशी आई बसलेली. तिनं तलंगेची कूस बदलली होती, मागचं धुतलं होतं, आणि पदरानं नाही तर माझ्या टॉवेलनं पुसलं होतं. किती वेळ बसली होती कुणास ठाऊक. तोवर तिनं हिला नाव म्हणून काही दिलं नव्हतं. आमच्याकडं कोंबड्या रंगावरून ओळखतात, काळी, पिवळी, ठिपक्याची. "लंगडी आज पाणी पीत न्हाई," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी डावा पंख पडला. चौदाव्या दिवशी वजन 940. गळ्याखालची दाण्याची पिशवी सकाळीही भरलेलीच असायची, रात्रीचं खालीच उतरत नव्हतं. अन्न पुढं ढकलणारी नसही जाते यात. ती खायचा प्रयत्न करायची आणि मान मागं घ्यायची. डोळे तसेच लख्ख. फोनवर डॉक्टर म्हणाले, आता थांबवा. मानेला एकच झटका, नीट दिला तर क्षणात होतं.

आमच्याकडं कापायचं काम पुरुषांचं. पप्पा कारखान्यावर गेले होते. मी शेजारच्या काकांना हाक मारायला निघाले तर आईनं अडवलं. "ते काय समजतील? रस्सा समजतील." मग म्हणाली, "मला दे. तू धर नुसती."

मी पंख धरले. आईचे हात भाकरीचे आहेत, जोरकस. खरंच क्षणात झालं.

उघडून बघितल्याशिवाय नक्की काय होतं ते कळणार नव्हतं, आणि खालच्या बाराजणींसाठी ते कळणं गरजेचं होतं. त्यासाठी मृत पक्षी ताजा लागतो, बर्फात ठेवायचा, गोठवायचा नाही. मासेवाल्याकडून थर्माकोलचा डबा आणला. दुसऱ्या दिवशी मला तसंही पुण्याला जायचं होतं, आणि शिरवळ वाटेतच. एसटीनं उंब्रजला हायवेला लागलो, मांडीवर डबा. कंडक्टरनं विचारलं काय आहे. मी म्हटलं, ऑफिसचं सामान. खंबाटकीचा बोगदा ओलांडला की शिरवळ, तिथं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय.

पोस्टमॉर्टेम करणारी मुलगी माझ्याहून लहान असेल. मी बघू का विचारलं तर म्हणाली, या. तिनं दोन्ही मांड्या उघडल्या, स्नायू बाजूला केले आणि दोन नसा चिमट्यानं उचलून शेजारी शेजारी दाखवल्या. उजवी चपटी, पांढरी, चकाकती, जवळून बघितलं तर तिच्यावर बारीक आडव्या रेघा. डावी तिच्या दुप्पट जाड, पिवळट, रेघा पुसल्या गेलेल्या. "प्रयोगशाळेचा अहवाल येईल, पण हे पुरेसं आहे," ती म्हणाली. पंधरा दिवस मी ज्या पायाला व्हिटॅमिन देत होते, झोळीत टांगत होते, त्याच्या आत हे होतं. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर मी त्या उजव्या नसेकडंच बघत राहिले. इतकी सुंदर वस्तू कोंबडीच्या तंगडीत असते हे मला लहानपणापासून तंगड्या खाऊनही माहीत नव्हतं.

आईला फोन केला. नस सुजली होती म्हणून सांगितलं.

"मग बाकीच्यांचं?"

त्या मुलीनं सांगितलं होतं तेच सांगितलं. मोठ्यांना आता लस देऊन उपयोग नाही. खुराड्यातली धूळ काढायची, जुना भुसा जाळायचा, नवी पिल्लं पहिले काही आठवडे मोठ्यांपासून लांब, वेगळ्या छपराखाली. आणि काही कोंबड्यांच्या रक्तातच या रोगाला तोंड द्यायची ताकद असते, म्हणून पिल्लं काढायची तर टिकलेल्या जुन्या कोंबड्यांच्या अंड्यांची.

"ते काय नवीन सांगितलं," आई म्हणाली. "जी जगली तिचीच अंडी बसवायची. माझी आई बी तेच करायची."

नंतरच्या महिन्यात आणखी एक तलंग लंगडायला लागली. ती माडीवर आली नाही. आईनं तीन दिवस तिला गोठ्यात वेगळं ठेवून बघितलं, चौथ्या दिवशी मला फोन न करता काय ते केलं, आणि नंतर सांगितलं. आता अकरा आहेत.

परवा ठिपक्याची खुडूक बसली. ही पाच वर्षांची, रोग येऊन गेलेल्या दोन्ही वेळच्या खुराड्यातून उरलेली. पिवळी आणि ती, दोघींचीच अंडी आईनं बाजूला ठेवली होती, कोळशानं खुणा करून. जुन्या न्हाणीत, माडीच्या पायऱ्यांखाली, पाटीत भुसा घालून नऊ अंडी मांडलीत. एकवीस दिवस धरले तर पुढच्या महिन्याच्या माझ्या आठवड्यात फुटतील. फोन ठेवताना आई म्हणाली, येताना तुझ्या त्या माडीच्या चपला धुऊन ठेव, न्हाणीत त्याच घालणार हाय मी.