हाक्याची वाट

जुन्या शिकारकथा वाचताना एक गोष्ट आम्हाला नेहमी खटकते. बंदूक कोणत्या बनावटीची होती, मचाण किती उंच बांधले होते, सारे तपशीलवार लिहिलेले असते. जंगलातली वाट दाखवणाऱ्याचे नाव मात्र कुठे नसते. उर्दूत शिकारकथांचे मोठे दालन आहे. तिथेही हीच तऱ्हा. ढोल-डबे वाजवत काट्याकुट्यांतून हाका घालणारे सगळे नुसते 'गाववाले'.

आमच्या मुलखातली सर्वांत प्रसिद्ध शिकार 28 एप्रिल 1819 ची. मद्रास सैन्याच्या घोडदळातला जॉन स्मिथ वाघाच्या मागावर अजिंठ्याच्या डोंगरात शिरला आणि समोरच्या कड्यात, झाडीआड, त्याला कोरीव कमान दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. तेव्हा आत इतका गाळ साचलेला होता की, आज ते नाव माणसाच्या डोक्याच्या वर राहते. इतिहास म्हणतो, लेणी त्याने शोधली. पण खालून वाहणारी नदी वाघूर आणि वरच्या पठारावरचे गाव लेणापूर! ज्या गावाच्या नावातच लेणे आहे, त्या गावाला लेण्यांची वाट ठाऊक नव्हती असे कसे मानावे? पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानींच्या देखरेखीखाली, लेण्यांची निगा राखली. अजिंठ्यावरचे यझदानींचे ग्रंथ 1930 ते 1955 या काळात चार भागांत निघाले. त्यांचे नावही आपल्या किती मुलांना माहीत आहे?

केदारखेड्याहून भोकरदन ओलांडून उत्तरेला गेले की हेच डोंगर लागतात. आमच्या ओळखीचे एक चाचा, वय ऐंशीच्या पुढे, लहानपणी बापाबरोबर तिकडे हाक्याला जात. दिवसाची मजुरी आणि वाट्याला आले तर थोडे मांस. त्यांच्याबरोबर आम्ही दोन-तीन शिक्षक एका सुट्टीत ती जुनी वाट पाहायला गेलो. आमच्या डोळ्यांना सगळीकडे सारखेच गवत. चाचा मात्र आधी दोन टेकड्यांमधली खिंड बघत, मग उन्हाळ्यात पाणी टिकणारा डोह कोणत्या अंगाला आहे ते विचारात घेत. रोही एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, तो ढीग त्यांनी दाखवला. चिखलात लोळलेल्या रानडुकराने अंग घासलेले झाड दाखवले. "मास्टरसाब, ये रस्ता आदमी का थाच नै. जानवर का था. हम तो उसके पीछे चले."

आम्हाला असईची लढाई आठवली. असई आमच्याच जिल्ह्यात. 23 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्लीला केळणा नदीला उतार सापडत नव्हता. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसली, त्यावरून त्याने ताडले की मध्ये उतार असलाच पाहिजे, आणि तो निघाला. चाचांनी वेलस्लीचे नाव ऐकलेले नाही, हिशेब तोच.

आणि ती वाट पुरती मेलेली नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून जून 2019 मध्ये निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक वाघ डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर 1300 किलोमीटरहून जास्त चालला होता. ओढ्यांच्या कडेने, शेतांतून, बहुतेक रात्रीच. मार्च 2021 मध्ये टिपेश्वरचाच आणखी एक वाघ थेट गौताळ्यात, म्हणजे अजिंठ्याच्याच डोंगररांगेत, कॅमेऱ्यात दिसला. त्यांना कोणी हाका घातला नव्हता.

पण वाट जिवंत आहे म्हटल्यावर तिचे गिऱ्हाईकही येते. 1972 च्या कायद्याने शिकारीचा शौक बंद झाला. काळवीट मारले तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. तरी मध्यंतरी शहरातून जीप घेऊन तिघे जण चाचांकडे आले. बोलणे अदबीचे, सलाम, दुआ, सगळे. नुसती वाट दाखवा म्हणाले, बाकी आम्ही बघतो. देऊ केलेले पैसे चाचांच्या घरची दोन महिन्यांची औषधे भागवणारे होते. चाचांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "बुढापा है, अब कुछ याद नै."

आम्ही नंतर विचारले, खरेच विसरलात का? ते हजला जाऊन आलेले आहेत. इहराममध्ये असताना रानातल्या जनावराची शिकार मना आहे, हे सर्वांना माहीत असते. पण शिकाऱ्याला नुसत्या बोटाने सावज दाखवणेही मना आहे, हे त्यांना तिथे एका आलिमसाहेबांनी सांगितले होते. "इहराम तो उतार दिया, पन वो बात दिल से नै उतरी."

इहरामबाहेर हा मसला लागू नाही, असे फिक्हच्या हिशेबाने कोणी म्हणेल. आम्ही काही म्हटले नाही.

गेल्या वर्षी सहावीच्या मुलांकडून परिसराचा नकाशा काढून घेतला. पूर्णा नदी, पूल, मशीद, मंदिर, शाळा, बस थांबा, मक्याची शेते. चाचांचा नातू त्याच वर्गात आहे. त्याने उत्तरेकडे डोंगर काढले, हिरवा रंग भरला आणि खिंडीपाशी पेन्सिल टेकवून आमच्याकडे पाहिले. "यहाँ क्या लिखू, सर?" आम्ही म्हणालो, "घास."