रोडगे, रस्सा आणि जुने मित्र

मायकेल विंटरबॉटम दिग्दर्शित 'द ट्रिप' या २०१० साली बीबीसीवर आलेल्या मालिकेत स्टीव्ह कूगन आणि रॉब ब्रायडन हे दोन विनोदी नट, स्वतःच्याच नावाची पात्रे होऊन, उत्तर इंग्लंडमधील उपाहारगृहांच्या सफरीला निघतात आणि मायकेल केन यांच्या आवाजाची नक्कल कोणाची सरस, यावरून जेवता जेवता हमरीतुमरीवर येतात. कथानक म्हणावे असे तीत फारसे नाही. आपले दिवस सरले की काय, ही उतरत्या वयातली धास्ती मित्रापाशीही उघड बोलता येत नाही, म्हणून ती पदार्थांच्या आणि नकलांच्या आडून बोलली जाते.

चि. वि. जोशी यांच्या चिमणराव-गुंड्याभाऊंमुळे भांडखोर जोडी मराठी वाचकाला परिचित आहे. मात्र चिमणरावांभोवती सदैव घरचा गोतावळा असतो. घर मागे ठेवून निघालेल्या जुन्या मित्रांच्या विनोदाला लागणारी सामग्री यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात भरपूर आहे. तेथून पांढरकवड्याला राष्ट्रीय महामार्ग ४४ गाठला की ढाबे लागतात, आणि सावजी, म्हणजे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेला जहाल, काळपट रस्सा, खरा कुठला यावर वाद पेटायला वेळ लागत नाही.

त्याहून रंगतो तो शेतातला रोडग्यांचा बेत. रोडगे म्हणजे कणकेचे थर देऊन वळलेले आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले गोळे. राख झटकून ते कुस्करायचे, वर तूप सोडायचे आणि वरण व वांग्याच्या भाजीशी खायचे. रोडगा आतून कच्चा राहिला की वरून करपला, यावर "काऊन बे, तुले काही समजते का?" असे जाहीर वाभाडे निघतात, आणि वाभाडे काढणाराच साखर वाढलेल्या मित्राच्या पानातला गोडाचा घास न बोलता आपल्या पानात ओढून घेतो. मैत्रीचे इतके नेमके दर्शन गळाभेटीच्या प्रसंगांत क्वचितच घडते.

म्हणूनच अशा सफरीवर मराठीत चित्रपट झाला पाहिजे, आणि करणाऱ्याने त्यातली वऱ्हाडी केवळ हशा पिकवण्यासाठी वापरू नये. पात्रांना दुखणे, कर्ज आणि नापिकी याविषयीही त्याच बोलीत बोलू द्यावे.