मुकुट घातलेला सुका मासा



घरात बोंबील भाजायचे असले की आमच्या सहचारिणी आधी खिडक्या लावून घेतात. वर्षांपूर्वी शेजारच्यांनी वासाबद्दल नाक मुरडले, तेव्हापासूनची ही सवय. प्रवासवर्णनात ही गोष्ट कशाला, असे आपणांस वाटेल. पण नॉर्वे देशातून आम्ही जे घेऊन आलो, त्याचा संबंध या बंद खिडकीशीच आहे.

ओस्लो शहरात नोकरीस असलेल्या पुतण्याने तिकिटे पाठवली आणि २०२५ च्या जून महिन्यात आम्ही उभयता रजा काढून निघालो. दोन दिवस त्याच्याकडे राहून आम्ही पश्चिमेकडील बर्गन शहराची वाट धरली. सकाळची आगगाडी डोंगर चढू लागली. जून असूनही पठारावर बर्फाचे पट्टे शिल्लक होते.

मिर्दाल स्टेशनवर गाडी बदलली. येथून फ्लॉम गावापर्यंत अवघा २० किलोमीटरचा लोहमार्ग. पण तेवढ्यात गाडी ८६६ मीटरवरून थेट समुद्रकाठी उतरते. वाटेत २० बोगदे, त्यांतील १८ कामगारांनी हातांनी खोदलेले. हा मार्ग १९४० साली सुरू झाला. एका प्रचंड धबधब्यापाशी गाडी मुद्दाम थांबते आणि सर्व प्रवासी खाली उतरतात. अंगावर तुषार घेत सहचारिणी म्हणाल्या, "अहो, आपल्या घाटातले धबधबे आपण खिडकीतूनच बघतो. इथे तर गाडीच थांबते बघा!" लोक धबधब्याचे फोटो काढत होते, आमच्या मनात मात्र ते बोगदे खोदणारे हात होते.

फ्लॉमहून बोटीने निघालो. हिमनद्यांनी हजारो वर्षे कोरलेल्या दऱ्यांत समुद्र आत शिरला, त्यांना फ्योर्ड म्हणतात. आमचा फ्योर्ड एके ठिकाणी केवळ २५० मीटर रुंद होता. दोन्ही बाजूंना उभे कडे, वरून पांढऱ्या धारा, खाली हिरवे स्तब्ध पाणी. बराच वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही.

बोटीवर पावासोबत तपकिरी चीज खाल्ले. चीज केल्यावर जे पाणी उरते ते टाकून न देता त्यात दूध-साय घालून आटवत नेतात, त्याची ही वडी. चव दुधाच्या खरवडीसारखी गोड, किंचित खारट. काही वाया न घालवणाऱ्या बायांनी शोधलेला हा पदार्थ आज त्या देशाचा अभिमान आहे.

पुढे बस आणि पुन्हा आगगाडी करून संध्याकाळी बर्गनला पोहोचलो. रात्री दहा वाजताही लख्ख उजेड! धक्क्यावर रंगीत लाकडी घरांची जुनी रांग आहे. दुसऱ्या दिवशी तिथल्या मासळी बाजारात गेलो आणि सहचारिणी एकदम थबकल्या. समोर सुका मासा!

उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर कॉड मासा शेपट्या बांधून, जोडी-जोडीने लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ नाही, काही नाही. फेब्रुवारी ते मे महिन्यांची थंड हवा त्याला वाळवते. शेकडो वर्षे हाच मासा बर्गनला येई आणि येथून युरोपभर जाई. त्यावरच हे शहर श्रीमंत झाले. येथे पेढी असलेल्या जर्मन व्यापाऱ्यांच्या चिन्हावर सुका मासाच होता, आणि त्याच्या डोक्यावर मुकुट!

सहचारिणींनी एक पुडी घेतली, तुकडा चघळला आणि म्हणाल्या, "मीठ-तिखट नाही, पण आहे आपल्यातलाच." मग हळूच म्हणाल्या, "यांच्या माशाला मुकुट, आणि आपण खिडक्या लावतो."

तो देश निर्दोष आहे असे मात्र नव्हे. उत्तरेकडील सामी आदिवासींच्या मुलांना शाळेत मातृभाषा बोलू दिली जात नसे. आपल्या माणसांची लाज वाटावी असे त्यांना शिकवले गेले. सत्यशोधन आयोगाने २०२३ साली याचा अहवाल दिला आणि २०२४ च्या नोव्हेंबरात तिथल्या संसदेने माफी मागितली. म्हणजे लाज ही अन्नात नसते, भाषेतही नसते. ती कुणीतरी वरून लादलेली असते.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते तहान लागली म्हणून नव्हे. माणसासारखे उघडपणे पाणी पिण्याचा हक्क त्यांनी बजावला. मग आपल्या ताटातले आपणच का लपवावे?

परत आल्यावर पहिल्याच रविवारी घरात बोंबील भाजले. आम्ही सवयीने खिडकीकडे गेलो, तर आतून आवाज आला, "राहू द्या हो उघडी."