पानाचे तेल, सालीचे तेल

कोलंबोहून गॉलकडे जाणारी आगगाडी समुद्राच्या इतक्या कडेने धावते की, खिडकीशी बसलेल्याने रुळांकडे न पाहिलेले बरे! बेंटोटा मागे टाकल्यावर बलपिटिय हे लहानसे गाव लागते. येथे मादू गंगा समुद्राला मिळते. नावावरून हिचे भागीरथीशी नाते लावू नये. सिंहली भाषेत कोणतीही नदी गंगाच. खारे पाणी, तिवरांची दाटी, मधूनमधून हिरवी बेटे. मालवणकडचा माणूस येथे आला तर त्याला घरी आल्यासारखे वाटेल. आम्ही होडी केली ती मात्र दालचिनीसाठी.

आपल्या मसालाभातात पडते ती जाड, कडक साल पुष्कळदा निराळ्याच झाडाची, कॅसियाची असते. सिंहली माणसाचा ‘कुरुंदु’ कागदासारखा पातळ. बोटांत चुरडला की मोडतो. याच सालीसाठी पोर्तुगीज येथे आले, 1656 साली डचांनी त्यांच्याकडून कोलंबो घेतले आणि 1796 साली इंग्रजांनी डचांकडून. एवढ्याशा सालीपायी केवढा हा खटाटोप!

एका बेटावर झावळ्यांच्या पडवीत एक आजीबाई सोलायला बसल्या होत्या. होडीवाला तरुण त्यांचा नातूच. तो त्यांना ‘आच्चि’ म्हणे, म्हणून आम्हीही आच्चिच म्हणू लागलो. आधी वरची खरबरीत साल खरवडायची, मग पितळेच्या दांडीने फांदी घासघासून आतली साल सैल करायची आणि सुरीने दोन बाजूंना चिरा देऊन ती अखंड सोडवायची. पाऊस पडून गेला की ती सहज सुटते. अशा साली एकीत एक घालून जवळजवळ साडेतीन फुटांची नळी करतात आणि छपराखाली दोऱ्यांवर सावलीत वाळवतात.

तेल निघते ते उरल्यासुरल्यातून. सोलताना पडलेली पाने आणि डहाळ्या भट्टीत घालून वाफ सोडतात. वाफ थंड झाली की तेल पाण्यावर न तरंगता तळाशी बसते. हे पानाचे तेल. सालीच्या तुकड्यांचे तेल वेगळे आणि महाग, कारण शंभर किलो सालीतून ते किलोच्या आगेमागेच हाती लागते. झाड एक, पण दोन्ही तेलांचे स्वभाव दोन. पानाच्या तेलात मुख्यतः युजेनॉल असते, म्हणजे लवंगेच्या तेलातलेच द्रव्य. सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड.

हा भेद आमच्या सौभाग्यवतींना तेथेच समजला. कोलंबोपासून त्यांची दाढ ठणकत होती. आच्चींनी कापसाच्या बोळ्यावर पानाच्या तेलाचा एक थेंब घेतला आणि दाढेत धरायला सांगितला. पडवीभर दाताच्या दवाखान्याचा वास सुटला. तो सुटायचाच, कारण दंतवैद्य तात्पुरती चांदी भरताना युजेनॉलच झिंक ऑक्साइडमध्ये कालवतात. ठणका थांबला. “दाढ झोपली आहे, बरी झालेली नाही. गावी गेल्यावर डॉक्टरांना दाखवा,” असे आच्चींनीच नातवाकरवी बजावले.

दुखणे ओसरल्यावर बायकांचे लक्ष सौंदर्याकडे वळते. सौ.नी दुसरी बाटली उघडली, वास घेतला आणि बोट गालाकडे नेले. आच्चींनी चटकन मनगट धरले. नातू हसून म्हणाला, “बाई, हे सालीचे आहे. गालाला लावलेत तर उद्या आरशात ओळख पटणार नाही.” हे तेल कातडीला भाजते आणि काहींना कायमची खाज जडवते. ओठ भरदार दिसावेत म्हणून काही ओष्ठरंगांत ते नावापुरते घालतात. ती लाली तेलाची नव्हे, ओठांच्या तक्रारीची! सांधेदुखीला आच्ची पानाचेच तेल वापरतात, तेही वाटीभर खोबरेलात चार थेंब. पोटात घ्यायचे नाही आणि लहान मुलांना लावायचे नाही.

आपल्या वैद्यांचाही हात असाच आखडता. संस्कृतात दालचिनीला ‘त्वक्’, म्हणजे कातडीच, म्हणतात. सितोपलादि चूर्णात खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन आणि त्वक् अवघी एक. तेल तर सालीचा अर्क. तेव्हा दिवाळीच्या अभ्यंगासाठी कोणी ‘दालचिनीचे तेल’ पुढे केले तर पानाचे की सालीचे, हे आधी विचारावे. दुकानदार गोंधळला तर बाटली तेथेच ठेवावी.

निघताना मी नातवाला विचारले, “तुम्हाला येते का सोलायला?” हा मुलगा प्रवाशांशी इंग्रजी, जर्मन आणि कामापुरते रशियन बोलतो. त्याने सुरी घेतली, चीर दिली. साल निम्म्यावर फाटली. सोलणारे हात आता मिळत नाहीत, पोरांना हॉटेलातली नोकरी बरी वाटते, असे तो सांगत होता. आच्ची काही बोलल्या नाहीत. त्यांनी ते तुकडे उचलले आणि शेजारी अर्धवट भरलेल्या नळीत एकेक करून सारले.