तिसऱ्या भाषेतले पुस्तक

ज्या मुलाजवळ पुस्तक नाही त्याला पुस्तक द्यावे, यासारखी निर्विवाद गोष्ट जगात दुसरी नसेल. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, तसे विद्यार्थ्याला पुस्तक! कुणाच्या आजोबांचे वर्षश्राद्ध असो की एखाद्या मंडळाचा रौप्यमहोत्सव असो, चार गरीब मुलांना पुस्तके वाटली की देणाऱ्याला समाधान मिळते, घेणाऱ्याला आनंद होतो आणि फोटोग्राफरलाही दोन पैसे सुटतात. त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे विचारायला मात्र कुणी जात नाही. दिल्या दानाची चौकशी करू नये, असा आपल्याकडचा सभ्य संकेतच आहे.

आफ्रिकेतल्या केनिया देशात काही मंडळींनी हा संकेत मोडला. त्यांची हकिकत वाचल्यापासून माझ्या मनाला एक चाळाच लागून राहिला आहे.

मी मराठीची प्राध्यापिका. अर्थशास्त्राशी माझा संबंध पगारापुरता, आणि तोही महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंतच. पण २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि मायकेल क्रेमर या तिघांना मिळून जाहीर झाले, तेव्हा आमची स्टाफरूम नुसती दुमदुमली. बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, आणि त्यांच्या मातोश्री निर्मलाबाई माहेरच्या पाटणकर! म्हणजे या नोबेलचा एक षष्ठांश भाग शुद्ध मराठी, असा हिशेबही एकाने फळ्यावर मांडून दाखवला. त्या गलबल्यात आमचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक मला हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही त्या तिसऱ्या गृहस्थांचे काम वाचा. त्यात तुमच्या कामाचे काहीतरी आहे."

तिसरे गृहस्थ म्हणजे क्रेमर. कॉलेजचे शिक्षण संपल्यावर हे अमेरिकन तरुण गृहस्थ केनियात गेले आणि तिथल्या एका शाळेत सुमारे वर्षभर शिकवून आले. पुढे ते मोठे अर्थशास्त्रज्ञ झाले, पण शाळेतली ती मुले काही त्यांच्या डोक्यातून गेली नाहीत. पश्चिम केनियात, युगांडाच्या सरहद्दीला लागून, बुसिया नावाचा शेतकऱ्यांचा मुलूख आहे. एका परोपकारी संस्थेला तिथल्या शाळांना पाठ्यपुस्तके द्यायची होती. शाळा निवडल्या शंभर. सगळ्यांना एकदम देणे परवडणारे नव्हते. म्हणून १९९६ साली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कोणतीही आवडनिवड न ठेवता, पंचवीस शाळांना आधी पुस्तके दिली. बाकीच्या शाळांचा नंबर मागाहून. मग पुस्तके मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतल्या मुलांचे गुण शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

निकाल काय लागला असेल? कुणीही सांगेल, पुस्तकवाली मुले पुढे गेली असणार. पण तसे झाले नाही. सरासरी गुण होते तिथेच राहिले! जी मुले आधीपासून हुशार होती, तेवढ्यांनाच पुस्तकांचा फायदा झाला. बाकीच्यांच्या लेखी पुस्तक आले काय आणि न आले काय, सारखेच.

त्याचे कारण वाचले आणि माझा चहा गार झाला. पुस्तके इंग्रजीत होती. त्या मुलांची घरची भाषा वेगळी. कुणाची लुह्या बोलींपैकी एखादी, कुणाची तेसो. दुसरी भाषा स्वाहिली. इंग्रजी ही बहुतेकांची तिसरी भाषा. शिवाय अभ्यासक्रम असा, की शहरातल्या शिकलेल्या आईबापांच्या मुलांना तो पेलावा. पुस्तक मुलाच्या हातापर्यंत पोहोचले होते, पण हातापासून डोळ्यांपर्यंतचा जो वीतभर प्रवास, तो राहून गेला होता.

बुसियातलीच दुसरी गोष्ट जंतांची आहे. (दिवाळी अंकात फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढल्याबद्दल गृहिणींनी क्षमा करावी.) तिथल्या शाळकरी मुलांत दहांपैकी नऊ जणांच्या पोटात कोणत्या ना कोणत्या जातीचे कृमी निघाले. १९९८पासून क्रेमर आणि त्यांचे सहकारी एडवर्ड मिगेल यांनी पंच्याहत्तर शाळांत, पाळीपाळीने, मुलांना जंतांची गोळी देण्याचा परिणाम अभ्यासला. मुले होती तीस हजारांवर. गोळी अगदी स्वस्त. पण शाळेतली गैरहजेरी तब्बल एक चतुर्थांशाने घटली! गंमत म्हणजे, ज्यांनी गोळी घेतली नव्हती अशा आसपासच्या मुलांनाही त्याचा लाभ झाला. जंत एकमेकांकडून पसरतात, तसा त्यांचा अभावही पसरतो. या आकड्यांवरून पुढे पंडितांत रणे माजली. २०१५ साली लंडनच्या काही संशोधकांनी सारा हिशेब पुन्हा तपासला, त्यात चुका दाखवल्या आणि वाद पेटला. तो वाद आपण त्यांच्यावरच सोपवू. मला टोचली ती वेगळीच गोष्ट. मुले शाळेत येऊ लागली, तरी परीक्षेतले गुण काही वाढले नाहीत.

म्हणजे पोट बरे झाले, पाय शाळेकडे वळले, पोर वर्गात येऊन बसले. आणि मग? समोर फळ्यावर पुन्हा तीच तिसरी भाषा!

आता माझ्यासारखीला यापरता आनंद कोणता? मातृभाषेतून शिक्षण द्यावे, हे आम्ही व्यासपीठावरून घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो. एवढ्यात नायजेरियाचा पुरावाही हाती आला. तिथे १९७० साली इफे विद्यापीठाचे प्राध्यापक बाब्स फाफुन्वा यांनी एक धाडस केले. काही मुलांना प्राथमिक शाळेची सहाही वर्षे योरुबा या त्यांच्या मातृभाषेतून शिकवायचे, आणि इंग्रजी हा एक विषय म्हणून, चांगल्या शिक्षकाकडून. तुलनेला ठेवलेली मुले रिवाजाप्रमाणे तीन वर्षांनी इंग्रजी माध्यमात गेली. गणित, शास्त्र योरुबात शिकवायचे म्हणजे पुस्तके नवी, शब्दही नवे घडवणे आले. त्यांची दमछाक मी समजू शकते. परिभाषेच्या बैठका आम्हीही बसून पाहिल्या आहेत. पण फळ असे आले, की योरुबातून शिकलेली मुले मागे तर पडली नाहीतच, उलट पुष्कळ विषयांत सरस ठरली. इंग्रजीतसुद्धा!

हे वाचून मी विजयी मुद्रेने अर्थशास्त्राच्या सरांकडे गेले. ते सज्जन गृहस्थ. त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे आणखी एक निबंध पुढे केला. हाही केनियाचाच, अलीकडचा. किकांबा आणि लुबुकुसु या मातृभाषांतून पहिल्या वर्गांतल्या मुलांना वाचन शिकवून पाहिलेले. मुले स्वतःच्या भाषेत चांगली वाचू लागली खरी. पण इंग्रजी आणि स्वाहिलीत त्यांना काही जादा लाभ झाला नाही, आणि गणितात तर ती किंचित मागेच राहिली.

हा घास गिळायला जड गेला. दोन दिवस मी त्या निबंधात खोड काढण्याच्या खटपटीत होते. मग वाटले, पुस्तक वाटणाऱ्या संस्थेलाही तो निकाल असाच कडू लागला असेल. तरी त्यांनी तो छापू दिला. आपल्या आवडत्या मताला चिठ्ठ्या टाकून परीक्षेला बसवायचे आणि ते नापास झाले तर तसे जाहीर सांगायचे, याला मोठी छाती लागते. भाषणात ती लागत नाही. आणि नुसते माध्यम बदलले की सारे साधते असे नाही. त्यासोबत शिक्षक हवा, पुस्तक हवे, वेळ हवा, हे फाफुन्वांच्या प्रयोगातही होतेच की!

केनियातले आईबाप इंग्रजी शाळेसाठी का धडपडतात, हेही उघड आहे. नोकरी त्या भाषेत मिळते. दर जूनमध्ये आमच्या सोसायटीतली तरुण आई मला विचारते, "ताई, कुठल्या मीडियमला घालू?" तिला मी मूर्ख समजत नाही, मग बुसियातल्या आईला का समजावे? लेकराला तिसरी भाषा यावी, ही इच्छा रास्तच आहे. प्रश्न एवढाच, की पहिल्या पायरीवरच्या पोराला आपण तिसऱ्या पायरीवरून हाक मारतो आहोत का?

याचे एक उत्तर, आश्चर्य म्हणजे, आपल्या मुंबईहून आफ्रिकेत गेले आहे. १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' या संस्थेची रीत अगदी साधी आहे. मुलाची इयत्ता विचारायची नाही. शेजारी बसवून घ्यायचे आणि म्हणायचे, "वाच बघू." अक्षर येते का, शब्द येतो का, परिच्छेद येतो का, गोष्ट येते का? जे येते तिथून पुढे. दिवसातला थोडा वेळ इयत्तेच्या भिंती मोडून सारख्या तयारीची मुले एकत्र बसवायची. २०१६पासून झांबियातल्या सरकारी शाळांत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी हीच रीत सुरू झाली, आणि तिथे वाचनाचे धडे बेंबा, न्यांजा, टोंगा अशा त्यांच्या त्यांच्या भाषांतून आहेत. वडाळ्या-धारावीकडच्या पोरांसाठी शोधलेली युक्ती झांबेझीच्या काठी उपयोगी पडावी, यात नवल नाही. न वाचता येणारे मूल सगळीकडे सारखेच गप्प बसते.

देणारा हात मोठाच, त्याला नमस्कार. पण दिल्यानंतर जमिनीवर मांडी घालून मुलाशेजारी बसणारा माणूस मला त्याहून मोठा वाटू लागला आहे. या दिवाळीत कामवाल्या मावशींच्या मुलीला किंवा वॉचमनच्या मुलाला तुम्ही पुस्तक देणार असाल, तर जरूर द्या. पण देऊन दार लावून घेऊ नका. पाच मिनिटे त्याला घरात बोलवा, करंजी हातावर ठेवा, आणि प्रेमाने म्हणा, "वाच बघू." ते अडखळले, तर पुस्तक बदलून आणायला अजून दुकाने उघडी असतील.